गोड चेरी लावताय? खताचं नंतर, आधी एवढं बघा

चेरीचं झाड लावायचं म्हटलं की लोक पहिलं विचारतात खत कोणतं घालू. खत शेवटी हो! आधी तुमच्याकडे थंडी किती पडते ते बघा. गोड चेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ डिग्रीच्या खालचे साधारण ७०० ते १२०० तास लागतात, आणि ते मिळाले नाहीत तर झाड जगतं, पानंही मस्त येतात, पण फुलं धड येत नाहीत आणि आली तरी एकदम न येता मागेपुढे येत राहतात. मिनी रॉयल, रॉयल ली अशा जातींचं बऱ्याच कमी थंडीत भागतं, पण त्या दोन्ही जवळजवळ लावाव्या लागतात, एकटी लावून उपयोग नाही.

आणि खरी गोम तिथेच आहे. बहुतेक गोड चेरी स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, म्हणजे दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं, ते त्याच सुमारास फुलायला हवं आणि वर दोघांचं जमायलाही हवं. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तिन्ही नावाजलेल्या जाती पण परागाच्या एकाच गटातल्या (एका गटातल्या जातींचा पराग एकमेकींना चालत नाही), त्यामुळे तिन्ही शेजारी शेजारी लावल्या तरी एकमेकींच्या काही कामाच्या नाहीत. बागेत एकाच झाडाची जागा असेल तर सरळ स्टेला, लॅपिन्स किंवा स्वीटहार्ट घ्या, या एकट्यानेही फळतात. आंबट चेरीच्या भरवशावर राहू नका, ती बहुतेक वेळा उशिरा फुलते. आणि फूल असताना कीटकनाशक अजिबात मारायचं नाही, मधमाश्या गेल्या की फळं गेली.

रोप घेताना कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलंय ते विचाराच. मॅझार्डवरचं झाड आरामात १० मीटरच्या आसपास जातं, मग वरची फळं पक्ष्यांचीच समजा. जिसेला ५ वरचं साधारण निम्म्यावर थांबतं आणि फळही लवकर धरतं, पण त्याचे लाड जास्त, जमीन चांगली हवी, पाणी वेळेवर हवं, आधाराला खांब हवा. घरच्या बागेसाठी मला तरी तेच बरं वाटतं, जाळी टाकता येते ना!

जागा दिवसभर उन्हाची हवी आणि पाण्याचा निचरा चांगला हवा, यात तडजोड नको. हातभर खड्डा खणून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा, दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर तिथे लावू नका किंवा मातीचा उंच गादीवाफा करून त्यावर लावा. झाड झोपेत असताना, म्हणजे पानं गळलेली असताना लावायचं, आणि कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. बुंध्याला मल्चिंग (मातीवर घातलेलं पालापाचोळ्याचं आच्छादन) चिकटवू नका.

छाटणीत बरेच जण फसतात. बाकीच्या फळझाडांसारखी ही भर हिवाळ्यात, ओलसर हवेत छाटली तर ताज्या जखमेतून कॅंकर आणि सिल्व्हर लीफसारखे रोग आत शिरतात, म्हणून मोठी छाटणी फळं काढून झाल्यावर उन्हाळ्यात, कोरडे दिवस बघून करा. कोवळ्या फांद्या सरळ वर जायला लागल्या की कपड्याचा चिमटा किंवा काडी लावून आडव्या वळवा, कापण्यापेक्षा हे बरं, आणि आडवी फांदी फळावर लवकर येते. फळं येतात ती दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड डहाळ्यांवर, त्या वर्षानुवर्षं फळतात, त्यांना कात्री लावू नका.

बुंध्यावर डिंक दिसला की लोक थेट औषध शोधायला लागतात. डिंक म्हणजे रोगच असं नाही, जखम, कीड, मुळाशी साचलेलं पाणी, कशानेही येतो, आधी कारण शोधा. शेंड्याची पानं मुरडून काळा मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. खत मात्र बेतानेच, नत्र जास्त झालं की नुसत्या फांद्या वाढतात.

रंग चढायला लागायच्या आधीच जाळी टाका, पक्षी तुमच्या आधी चव घेतात. पिकत आलेल्या फळांवर पाऊस पडला की साल पाणी शोषते आणि फळं तडकतात, त्यावर घरगुती उपाय फारसा नाही, पाऊस थांबला की फांद्या हलक्या हलवून पाणी झटका आणि पिकलेली लगेच काढा. चेरी तोडल्यावर गोड होत नाही, त्यामुळे एक खाऊनच ठरवा, देठासकट खुडा, पण डहाळी ओढून मोडू नका कारण पुढच्या वर्षीचं फळ तिथेच येणार आहे. फ्रिजमध्ये न धुताच ठेवा, खायच्या वेळी धुवा.