बाबांच्या मित्राला बोलावण्यापूर्वी

सर्वांत आधी बाबांनाच विचारावे. पक्षाघाताने उजवा हात आणि वाचा गेलेल्या माणसाला अशा अवस्थेत मित्राने पाहावे असे वाटते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. शब्द फुटत नसले तरी मित्राचे नाव घेताच चेहरा खुलतो का, मान हलते का, एवढे आपल्याला दिसतेच.

होकार मिळाला की सांगलीच्या काकांना स्वतः फोन करावा आणि काहीही न लपवता सांगावे, की तोंड एका बाजूला ओढले गेले आहे, कधी भलताच शब्द बाहेर पडतो, मध्येच रडू येते, पण आपण बोलतो त्यातले बरेचसे त्यांना कळते. हे आधी सांगितले नाही तर दारातच काकांचा चेहरा पडेल आणि बाबांना तो दिसेल. मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते.

काकांनी पंचाहत्तरी ओलांडली असल्याने राज्यातल्या एसटीचा प्रवास त्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत आहे, तेव्हा आधारकार्ड जवळ ठेवायची आठवण करावी आणि स्वारगेटला उतरवून घ्यायला घरचे कोणीतरी जावे. सर्दी-खोकला असेल तर मात्र येणे पुढे ढकलावे. भेट दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा ताजेतवाने असताना, अर्ध्या तासाची ठेवावी.

सांगलीहून भडंग येणारच; ते आपण खाऊ, पण बाबांना एक घासही देऊ नये, कारण गिळण्याचा त्रास असताना कोरडे, भुरभुरीत पदार्थ आणि साधे पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकते.

काकांची खुर्ची बाबांच्या डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे तो हात हातात घेता येईल. टीव्ही बंद असावा. एका वेळी एकच, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि अडलेला शब्द आपण पुरा न करता थांबावे, हे काकांना आदल्या रात्री समजावून सांगावे. टाळ आणायला मात्र आवर्जून सांगावे. वाचा गेलेल्या अनेकांना सुरात शब्द सापडतात, आणि या दोघांनी भजनी मंडळात वर्षानुवर्षे शेजारी बसून अभंग म्हटले आहेत. काकांनी संथपणे सुरुवात करावी, बाबांनी नुसते गुणगुणले तरी पुरे.

निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख काकांच्याच हातून बाबांना दिसेल अशा कालनिर्णयवर लिहून घ्यावी.