‘स्केदिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

वृत्तपत्राच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून लागलो, त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. एजन्सीची इंग्रजी बातमी होती: हायकोर्टाने एका महापालिकेबद्दल ‘स्केदिंग (scathing) ऑब्झर्वेशन्स’ केली. मी डिक्शनरी उघडली आणि लिहिलं, ‘न्यायालयाने अत्यंत कठोर निरीक्षणे केली’. वरिष्ठांनी लाल पेनने ओळ खोडली आणि वर दोनच शब्द लिहिले: ‘ताशेरे ओढले’.

तेव्हापासून हे विशेषण मी एकटं वाचत नाही. पुढचं नाम बघतो, कोण कोणाला बोलतंय ते बघतो. कोर्ट असेल तर ताशेरे. विरोधी पक्षनेत्याचं भाषण असेल तर सडकून टीका. नाटकाचा ‘स्केदिंग रिव्ह्यू’ आला की समीक्षकाने वाभाडे काढलेले असतात, आणि साहेबाने हाताखालच्या माणसाची खरडपट्टी काढलेली असते. इंग्रजीतलं एक विशेषण मराठीत बहुतेक वेळा क्रियापदात उतरतं. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशीच सांगतो, कारण ‘अत्यंत कठोर’ लिहून बातमीतला जीवच जातो.

विशेषणच हवं असेल तर माझ्या मते ‘जळजळीत’ला तोड नाही. ‘स्केदिंग’चं मूळ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत, अर्थ इजा करणं. पुढे त्यात होरपळण्याची छटा आली; इंग्रजी कवी मिल्टनने १६६७ सालच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात विजेने होरपळलेल्या ओक वृक्षांसाठी याचंच क्रियापद, ‘स्केद’, वापरलंय. ती धग ‘जळजळीत’मध्ये आयती मिळते. अपघाताच्या बातमीतला ‘अनस्केद्ड’ याच घरातला: चालकाला साधं खरचटलंही नाही.

उच्चार ‘स्कॅथिंग’ नव्हे, ‘स्केदिंग’. मुलाखतीत हा हमखास चुकतो.

‘व्हिट्रिऑलिक’शी मात्र गल्लत करू नका. व्हिट्रिऑल म्हणजे गंधकाम्ल; त्या टीकेत द्वेष असतो, तिला ‘विखारी’ म्हणावं. स्केदिंग टीका द्वेषाशिवायही होते, अनेकदा ती पुराव्यानिशी केलेली असते. कोर्टाच्या ताशेऱ्यांना विखारी म्हटलं तर न्यायाधीशांवरच आकस ठेवल्याचा आरोप होतो. ही चूक छापून आली तर महागात पडते.

मी अजूनही एक वही ठेवतो. डावीकडे इंग्रजी जोडी, उजवीकडे मराठी क्रियापद, खाली बातमीची तारीख. ‘विदरिंग लुक’ (समोरच्याला खजील करणारी नजर) याच्यासमोर तीन शब्द लिहून खोडलेत, चौथा शोधतोय.