टिनातला उजेडाचा पत्रा बदलायच्या आधी

टिनाच्या घरात उजेडासाठी मधे एक पारदर्शक पत्रा टाकलेला असतो. वानरं त्यावर उड्या मारतात आणि एक दिवस तो फुटतो. आमचाही फुटला. मी स्वतः चढून नवा बसवला, आणि वर्षभरात तो एकेका बोल्टापाशी तडकला. खाली भाव येईल म्हणून राखलेला कापूस होता. मिरगाच्या पहिल्याच पाण्यात वरचा थर भिजला.

शिडी, पान्हा, दोरी तुम्हाला सांगायला नको. मी विसरलो ती वस्तू म्हणजे ड्रिलचा मोठा बिट. बोल्ट ८ एमएमचा असेल तर भोक १२ चं पाडा. मी आठाला आठच पाडलं, बोल्ट गच्च बसला आणि तिथंच घात झाला. पॉलिकार्बोनेट, म्हणजे नव्या उजेडाच्या पत्र्याचं प्लास्टिक, उन्हात लोखंडाच्या पाचपट फुगतं. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत ६ फुटांचा पत्रा ५-६ मिलिमीटरनं लांब-आखूड होतो. सरकायला जागा नसली की भोकापासून चीर निघते. म्हणून १२ चा बिट आजच घेऊन ठेवा. गावात मिळाला नाही म्हणून आठावर भागवू नका, तालुक्याला जा.

भोक मोठं, म्हणून वायसरही मोठं हवं, त्याखाली रबर हवं. नट रबर बसेपर्यंतच आवळायचा. पिळून आवळलात तर मोठं भोक पाडूनही उपयोग नाही.

पत्रा आणायला जाताना जुन्याचा एक तुकडा सोबत न्या, नाही तर टिनाच्या कडेचा आकार पुठ्ठ्यावर उतरवा. लाटा जुळल्या नाहीत तर फटीतून पाणी येणारच. लांबी मोजताना वर-खाली अर्धा-अर्धा फूट दबायला धरा. नव्या पत्र्याला चिकटलेल्या पन्नीवर कोणती बाजू उन्हाकडे ते छापलेलं असतं. पन्नी काढायच्या आधी त्या बाजूला पत्र्याच्या कडेवरच पेनानं खूण करा. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, ते पॉलिकार्बोनेटला खातं.

आता जिवाचं. उजेडाच्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, जुन्या नाही, नव्याही नाही. खालच्या दोन आडव्या पाइपांवर टेकेल एवढी लांब, जाड फळी न्या आणि तिच्यावरच बसा. टिनाजवळून घरातली विजेची तार गेली असेल तर मेन स्विच बंद; खांबावरून येणारी तार मात्र त्यानं बंद होत नाही, तिच्यापासून लांबच राहा. खाली एक माणूस शिडी धरून हवाच. मे महिन्यात काम सकाळी ९ च्या आत उरका, नंतर टिनाला हात लावता येत नाही. जुना पत्रा फायबरचा असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि तोंडाला रुमाल बांधा, त्याची कुसं आठवडाभर टोचतात.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडा. तरी निघाले नाहीत तर कापा, ठोकू नका.

बसवताना नवा पत्रा वरच्या टिनाच्या खाली आणि खालच्या टिनाच्या वर. भोकं उंचवट्यावर, खोलगटात नाही. ड्रिल हळू, खाली लाकडाचा ठोकळा धरून. बिट १२ चाच लावलाय ना, पहिलं भोक पाडायच्या आधी बघा. मग दोन बादल्या पाणी वरून ओता, आत उभं राहून बघा, आणि कापूस तोवर बाजूलाच असू द्या.