जळगावहून प्रदर्शनाला माल न्यायचा तर

पहिल्यांदा स्टॉल घेणारे महिनाभर बॅनरच्या रंगावर डोकं खपवतात आणि गाडी सुटायच्या आदल्या रात्री विचारतात, "चलन कोण बनवणार?" सुरुवात परतीपासून करा. शेवटच्या संध्याकाळी किती नग उरतील, ते कशात बांधायचे आणि कोणत्या कागदावर गेटबाहेर काढायचे, हे आधी लिहून काढा.

डेमोचा माल डिलिव्हरी चलनावर (विक्री नसताना माल नेण्याच्या कागदावर) जातो. प्रती तीन: मूळ प्रत माल घेणाऱ्याची (इथे तोही आपणच), दुसरी गाडीवाल्याची, तिसरी फाइलला. "पाइपचे नमुने, १ लॉट" असं कधीही लिहू नका. नग, माप, किंमत ओळीने लिहा; परतताना गेटवरचा माणूस तेच मोजतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत एक लाखाच्या वर असली आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, की ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं. पोर्टलवर प्रदर्शनासाठी वेगळा उपप्रकार आहे, तोच निवडा. साध्या मालवाहू गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. गाडी रस्त्यात अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. परतीचं ई-वे बिल वेगळं, कारण ती वेगळी फेरी धरली जाते.

इंदूर आणि सुरत आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. पण तिथे स्टॉलवरच रोख विक्री करायची तर त्या राज्यात कॅज्युअल (तात्पुरती) जीएसटी नोंदणी हवी: अर्ज किमान ५ दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ, मुदत ९० दिवस. नुसत्या ऑर्डरी घेऊन माल जळगावहून बिलासकट पाठवला तर ही कटकट नाही. नवख्याने हेच करावं.

रस्ताही विचारून घ्या. कन्नडच्या औट्रम घाटात ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली. चाळीसगावकडून संभाजीनगरला जायचं म्हणून भाडं ठरवलं आणि ट्रक नांदगावमार्गे फिरला, तर वाद आपल्याच दारात येतो. माल थोडा असेल तर छोटा हत्ती पुरतो, पण त्यात साधारण ७५० किलोच धरा.

आता ठिबक सिंचनाचा चालू डेमो. सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. शेल स्कीमच्या (आयोजकांनी भिंती उभ्या करून दिलेल्या) ३ बाय ३ मीटर स्टॉलला सहसा एकच ५ अँपिअरचा प्लग मिळतो. एक एचपीची मोटर चालताना तेवढाच करंट खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, म्हणून एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. अर्ध्या एचपीची मोटर न्या किंवा जादा वीजभार आयोजकांच्या मॅन्युअलमधल्या तारखेआधी मागा. उशिरा मागितला की दर चढतो. पाइपचे सोल्युशनचे जोड कारखान्यातच करा आणि २४ तास वाळू द्या. मैदानावर फक्त युनियन (आट्याचे, खोलता येणारे जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह कसायचे. घाईत तिथेच चिकटवलेला जोड दाब आला की सुटतो आणि शेजाऱ्याचं कार्पेट भिजतं. टाकी ५० लिटरची असेल तर पाण्याचंच वजन ५० किलो; खाली प्लायचा तुकडा टाका.

तीन मीटरची भिंत एकसंध नसते. एकेक मीटरची तीन पॅनेल आणि मध्ये अॅल्युमिनियमचे खांब असतात, म्हणून सलग छापलेल्या फ्लेक्सवर नेमकं फोन नंबरापाशी खांब येतो. खिळे चालत नाहीत. एस-हुक आणि दुहेरी टेप न्या.

गाडी भरताना स्टॉलवर आधी लागणाऱ्या वस्तू सगळ्यात शेवटी चढवा. रिकाम्या खोक्यांवर स्टॉल नंबर लिहून ती दडवून ठेवा, नाहीतर सफाईवाले उचलतात. गाडीवाल्याला शेवटच्या दिवशी दुपारीच बोलावून ठेवा, पण हमालाचा दर आदल्या दिवशीच बोलून घ्या. बंद व्हायच्या तासाला तो म्हणेल ती किंमत. आणि टेपचे दोन रोल, कटर, सुतळी, चलनाची प्रत हे सगळं काउंटरखाली ठेवा, खोक्यात नको.