विंडोज टाकताना मध्येच ब्लू स्क्रीन येते? दोष असा शोधा

विंडोज टाकताना ब्लू स्क्रीन आली की बहुतेक जण आधी पेनड्राइव्ह पुन्हा बनवतात, मग दुसऱ्याकडून आणलेली विंडोज टाकून पाहतात, मग तिसऱ्याकडची. एवढी दमछाक करण्याआधी थांबा. फॉरमॅट केलेल्या डिस्कवर विंडोज चढत असताना जुना ड्रायव्हर, अँटिव्हायरस असं काहीच मध्ये नसतं. संशयित मोजकेच उरतात: रॅम, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामची) सेटिंग, डिस्क, पेनड्राइव्ह, वीज आणि उष्णता. सोलापुरात शेवटच्या दोघांवर जरा जास्तच नजर ठेवावी लागते.

स्क्रीनवरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन काळीही दिसते, तिच्यावरही कोड असतोच. पण कोडपेक्षा ती कोणत्या टप्प्यावर आली याची नोंद जास्त कामाची. सुरुवातीलाच लोगोखाली ठिपके फिरताना आली तर बायोस, रॅम किंवा प्रोसेसर तपासा. दर वेळी नेमक्या त्याच टक्क्याला अडकत असेल तर पेनड्राइव्हवरची फाइल खराब असण्याची शक्यता मोठी. पहिल्या रीस्टार्टनंतर ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ला आली तर ड्रायव्हर लावताना एखादं कार्ड नडतंय. आणि दर वेळी वेगळा कोड, वेगळा टक्का, असं असेल तर रॅमकडे चला.

मशीन हलकं करा

स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मगच कॅबिनेट उघडा. कीबोर्ड, माउस, रॅमची एक पट्टी आणि जिच्यावर विंडोज टाकायची ती डिस्क एवढंच ठेवा. प्रिंटर, वेबकॅम, वायफाय कार्ड, दुसरी हार्डडिस्क काढा. प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स असतील तर ग्राफिक्स कार्डही काढून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावा. इंटरनेटही तोडा, नाहीतर सेटअप मध्येच अपडेट आणि ड्रायव्हर ओढत बसतो. एवढ्यावर विंडोज चढली तर दोष काढून ठेवलेल्या वस्तूंत आहे.

रॅम

पट्टीचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झटका. चार स्लॉटच्या बोर्डवर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायची असते, खात्रीसाठी बोर्डचं मॅन्युअल पाहा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा. जास्त वेगाला न टिकणारी रॅम विंडोज टाकतानाच उघडी पडते.

मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एक जरी लाल एरर आली तरी निकाल लागला. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये स्वच्छ निघाली तर खराबी स्लॉटची. विंडोजच्या स्वतःच्या मेमरी चाचणीत पास झाली म्हणून रॅम निर्दोष समजण्यात अर्थ नाही, ती चाचणी वरवरची आहे.

बायोस

सगळी सेटिंग डिफॉल्टला आणा. तारीख-वेळ मागे पडलेली असेल तर सीआर २०३२ बटण सेल बदला. सेल मेला की वीज गेल्यावर बायोस सगळं विसरतो आणि डिस्कचा मोडही (एएचसीआय किंवा रेड) बदलू शकतो. एका मोडमध्ये टाकलेली विंडोज दुसऱ्या मोडमध्ये ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दाखवते. म्हणून मोड आधी ठरवा आणि नंतर हात लावू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी इंटेलची सेटिंग चालू असल्यामुळे सेटअपला डिस्क दिसतच नाही. तिथे कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ करा.

डेस्कटॉपचा इंटेल प्रोसेसर १३व्या किंवा १४व्या पिढीचा असेल तर २०२४ नंतरचा बायोस टाकाच. त्यातल्या अनेक मॉडेलना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होता. हे काम यूपीएसवरच करा, मध्येच वीज गेली तर बोर्ड बसतो. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर मात्र विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती चालूच होत नाही, तिथे खटपट करू नका.

उष्णता आणि वीज

एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या खोलीतल्या मशीनला दोष काय द्यायचा? बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरवर दहा मिनिटं नजर ठेवा. प्रोसेसर ७० अंशांच्या वर जाऊन चढतच असेल तर कूलर उघडा. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागाच्या जवळ असलेल्या मशीनमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे वरून स्वच्छ वाटणारा पंखा आणि त्याच्याखाली हीटसिंकच्या पात्यांवर घोंगडीसारखा बसलेला सुताचा थर. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही आणि वरून ब्लोअर मारला तर आणखी आत दबतो. थर चिमट्याने उचला, मग ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून. हीटसिंक काढला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ आला तर प्रोसेसर, उष्णता आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) हे तिघे आधी तपासा. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत, तेही सेटअप चालू असताना. शेजारची मोटर सुरू झाली की मशीन अडखळत असेल तर यूपीएस लावून पाहा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, अर्थिंग नाही.

डिस्क आणि पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीची, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेली आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावलेली असावी. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसले तर डिस्क बदला, फक्त सीआरसी एरर (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असतील तर आधी साटा केबल बदलून पाहा. जुनी पार्टिशन नडत असतील तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ १० दाबून डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनाचा क्लीन आदेश देता येतो, पण त्याने अख्खी डिस्क पुसली जाते. साइझ पाहून डिस्क बरोबर निवडली आहे याची दोनदा खात्री करा.

विंडोज चढल्यावर आधी कंपनीच्या साइटवरचा चिपसेट ड्रायव्हर टाका. मग काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडा आणि प्रत्येकीनंतर रीस्टार्ट करा. जिच्यानंतर ब्लू स्क्रीन परत आली, ती घेऊन दुकानात जा. सोबत कोडचे फोटोही न्या.