सीएनजी ट्रकसाठी बाजारातील प्लग आणि कॉइल निवडताना

डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, त्यामुळे तिथे स्पार्क प्लगचा प्रश्नच येत नाही. साहजिकच नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात वर्षानुवर्षे डिझेल गाड्याच खोललेल्या मिस्त्र्यालाही सीएनजी ट्रकचे इग्निशन नवखे वाटू शकते. आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले बाजारातील भाग वापरायला हरकत नाही. मात्र निवड ब्रँड किंवा भाव पाहून न करता इंजिनाचे मॉडेल आणि जुन्या भागावरील पार्ट नंबर यांवरून करावी.

गाडी चढावर मिसिंग करू लागली की पूर्ण सेट बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याआधी स्कॅनर लावावा. पी०३०३ हा कोड तिसऱ्या सिलिंडरमधील मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे, दाखवतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवावी: मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासावे. अशी गाडी दामटत राहू नये, कारण न जळलेला गॅस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी करतो आणि मग प्लगचा खर्च किरकोळ वाटू लागतो.

प्लग घेताना आट्यांचा व्यास व लांबी, सीट सपाट की निमुळती, आणि हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचे माप) हे सर्व जुळले पाहिजे. आटे प्रमाणापेक्षा लांब असतील तर प्लग पिस्टनला लागू शकतो. हीट रेंजच्या आकड्यात फसगत फार होते: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने गॅपही, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधील अंतरही, सहसा कमी ठेवतात. तो मॅन्युअलप्रमाणेच असावा. इरिडियम प्लगच्या बारीक टोकावर गेज दाबून गॅप वाढवण्याचा प्रयत्न करू नये.

कॉइलचा कनेक्टर बसला म्हणजे कॉइल जुळली असे नव्हे. काहींच्या आत ड्रायव्हर सर्किट (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे) असते, काहींच्या नसते, म्हणून पिनांची संख्या आणि पार्ट नंबर दोन्ही पाहावेत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळीच. हलक्या रबराचे बूट (कॉइलपासून प्लगवर बसणारी टोपी) कडक होऊन तडकतात, तेव्हा सिलिकॉनचेच घ्यावेत. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून उतरत होती असे समजावे आणि बूटही बदलावा, नाहीतर नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटते.

प्लग थंड इंजिनावर, खोबणीतील धूळ हवेने उडवून, आधी हाताने आणि शेवटी टॉर्क पान्याने बसवावा. जीएसटी बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा, आणि ट्रक वॉरंटीत असल्यास खरेदीपूर्वीच डीलरकडून लेखी खुलासा मागवावा.