वेस्ट इंडिजची बेटं गटांत मांडताना या चुका टाळा

सुनील गावसकरांचं पहिलं कसोटी शतक कुठे झालं, हे मी भूगोलाच्या वर्गात मुद्दाम विचारते. मुलं हमखास एखाद्या बेटाचं नाव घेतात. १९७१ सालचं ते शतक जॉर्जटाउनला झालं, आणि जॉर्जटाउन आहे गयानात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर. पहिली चूक इथेच होते: आपण वेस्ट इंडिजच्या क्रिकेट संघावरून नकाशा पाठ करतो. त्या संघात गयाना आहे; पण या भागातलं सगळ्यात मोठं बेट असलेलं क्यूबा त्यात नाही आणि हैतीही नाही. तो संघ मुख्यतः ब्रिटिशांच्या जुन्या वसाहतींतून उभा राहिला.

बहामाला कॅरिबियन समुद्रात टाकू नका

बहामाची सुमारे ७०० बेटं अटलांटिक महासागरात आहेत. कोलंबस १४९२ मध्ये पहिल्यांदा उतरला तो याच बेटांपैकी एकावर. म्हणून वेस्ट इंडिजमध्ये बहामा येतं, पण कॅरिबियन समुद्राचं पाणी त्याला लागत नाही. प्रश्न प्रदेशाचा आहे की समुद्राचा, हे आधी वाचा.

लीवर्ड म्हणजे पर्जन्यछाया नव्हे

वेस्ट इंडिजच्या पूर्वेकडच्या लहान बेटांचे लीवर्ड आणि विंडवर्ड असे दोन गट करतात. ही चूक हुशार मुलंच करतात, त्यामुळे मला तिची जास्त काळजी वाटते. सह्याद्रीच्या धड्यात वातसन्मुख (वाऱ्याकडचा) आणि वातविन्मुख (वाऱ्याच्या आडोशाचा) उतार शिकलेले असतात. मग लीवर्ड बेटं कोरडी आणि विंडवर्ड ओली, असं गणित मनात बसतं. प्रत्यक्षात पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे दोन्ही गटांना सारखेच लागतात. ही नावं शिडाच्या जहाजांच्या काळातली आहेत. युरोपातून निघालेली गलबतं वाऱ्याबरोबर डोमिनिका-मार्टिनिकच्या आसपास पोचत. तिथून वायव्येची बेटं वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ती लीवर्ड; दक्षिणेची वाऱ्याकडची, ती विंडवर्ड. पाऊस ठरतो उंचीवर. अँटिग्वा सखल म्हणून कोरडं. त्याच लीवर्ड गटातल्या सेंट किट्सच्या ज्वालामुखी डोंगरावर मात्र दाट वर्षावन आहे.

दोन पुस्तकांतल्या याद्या जुळत नसतील तर दोन गोष्टी तपासा. एक, डोमिनिका. ब्रिटिशांनी १९४० मध्ये ते लीवर्ड वसाहतीतून काढून विंडवर्डमध्ये घातलं. बेट जागचं हललं नाही, कारभार हलला. दोन, पुस्तक डच परंपरेतलं आहे का? सेंट मार्टिन, साबा, सेंट युस्टेशियस ही बेटं इंग्रजीत लीवर्ड, तर डच लोक त्यांनाच वाऱ्याकडची म्हणतात. कारण त्यांची तुलना व्हेनेझुएलाजवळच्या अरुबा, कुरसाव, बोनेर यांच्याशी असते. दोन्ही याद्या बरोबर आहेत.

लेसर अँटिलिसमधलं प्रत्येक बेट ज्वालामुखी नसतं

ग्रेटर अँटिलिस, म्हणजे मोठी बेटं, हा सोपा गट आहे: क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका, प्वेर्तो रिको. हिस्पॅनिओलावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. डोमिनिका हा तिसराच, वेगळा देश.

लेसर अँटिलिस म्हणजे लीवर्ड-विंडवर्डसह पूर्वेकडची लहान बेटं. तिथे अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो आणि त्यातून ज्वालामुखींची कमान उभी राहते. मार्टिनिकवरच्या माँ पेले ज्वालामुखीने १९०२ मध्ये सेंट पिअर शहर संपवलं. माँटसेराटची राजधानी प्लिमथ १९९७ मध्ये राखेखाली गेली. पण बार्बाडोस या कमानीच्या पूर्वेला, एकटं आहे. खाली घसरणाऱ्या भूपट्टावरचा गाळ खरवडला जाऊन, साचून वर आला आणि त्याच्यावर प्रवाळाचा चुनखडक चढला. त्रिनिदादचं नातं थेट दक्षिण अमेरिकेच्या खंडमंचाशी, म्हणजे खंडाला लागून असलेल्या उथळ समुद्रतळाशी आहे. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जेमतेम ११ किलोमीटर. यादीत ही दोन्ही लेसर अँटिलिसमध्ये येतात. घडणीचा प्रश्न असेल तर ती वेगळी काढा.

नावाच्या अर्थावरून उत्तर देऊ नका

ग्वादलूपची दोन मुख्य बेटं आहेत. बास-तेर म्हणजे शब्दशः ‘खालची भूमी’, ग्रांद-तेर म्हणजे ‘मोठी भूमी’. पण लेसर अँटिलिसमधलं सर्वोच्च शिखर, १,४६७ मीटरचं ला सूफ्रिएर, बास-तेरवर आहे, आणि ग्रांद-तेर क्षेत्रफळाने त्याहून लहान, सपाट चुनखडकाचं. फ्रेंच दर्यावर्द्यांच्या बोलीत ‘खालची’ म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची.